३४ संगणकांवर विंडोज ११ आणि बाकीची सॉफ्टवेअर आपोआप कशी बसवावीत? क्लोन केलेले संगणक एकमेकांना ओळखेनासे झाले आहेत

प्रश्न – नौपाडा_३४

सर्वांना नमस्कार.

ठाण्यात नौपाड्यातील एका करसल्लागार कार्यालयात मी हिशेबाचे काम पाहतो. संगणकांची थोडीफार जाण असल्यामुळे ‘प्रिंटर चालत नाही’पासून ‘नवीन माणसाचे मशीन लावून द्या’पर्यंतची सगळी कामे हळूहळू माझ्याच गळ्यात पडली. आता त्यातलेच एक काम हाताबाहेर गेले आहे, म्हणून इथे विचारतो.

आमच्याकडे दोन मजल्यांवर मिळून ३४ संगणक आहेत. विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाले. जुन्यांपैकी १४ संगणक इंटेलच्या आठव्या पिढीचे किंवा त्यानंतरचे आहेत, म्हणून ते विंडोज ११ ला चालतात. उरलेले २० सहाव्या-सातव्या पिढीचे होते, ते बदलावे लागले. नवे २० संगणक एकाच मॉडेलचे असून त्यांतले बरेचसे अजून बैठकीच्या खोलीत खोक्यांतच आहेत. त्यांवर विंडोज ११ आधीपासून आहे, पण तिच्यासोबत उत्पादकाने भरलेले बरेच निरुपयोगी सामानही आहे. ते साफ करून ऑफिस, टॅलीप्राइम, क्रोम, पीडीएफ रीडर, डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा ड्रायव्हर, जीएसटी पोर्टलसाठी एमसाइनर, दोन प्रिंटर आणि मराठी कळफलक एवढे एका संगणकावर बसवायला मला साडेतीन तास लागतात.

वेळ वाचवण्यासाठी मी एक संगणक मनासारखा तयार केला आणि त्याच्या एसएसडीची जशीच्या तशी प्रत आणखी पाच संगणकांवर उतरवली. प्रत्येकाचे नाव बदलले. चार दिवस सर्व सुरळीत चालले. नंतर विंडोज अपडेट झाले, आणि त्या सहांपैकी ज्या संगणकावर टॅलीचा डेटा शेअर केला आहे तो फोल्डर बाकीच्या पाचांवरून उघडेना. युजरनेम आणि पासवर्ड बरोबर असूनही ते पुन्हा पुन्हा विचारले जातात. जुन्या विंडोज १० च्या संगणकांवरून मात्र तोच फोल्डर त्याच पासवर्डने लगेच उघडतो, त्यामुळे दोष पासवर्डचा नाही एवढे मला कळते, पण त्यापुढे काही सुचत नाही.

आमच्याकडे डोमेन, म्हणजे सर्व संगणकांची खाती एका जागी सांभाळणारा सर्व्हर, नाही; साधा वर्कग्रुप आहे. दरमहा प्रत्येक संगणकामागे पैसे भरावे लागतील अशी सेवा घ्यायला भागीदार तयार नाहीत. हे सहा संगणक कसे दुरुस्त करावेत, आणि उरलेले काम कमीत कमी हात लावून कसे उरकावे?

उत्तर १ – महापे_रात्रपाळी

नमस्कार. आपला दोष क्लोनिंगमध्येच आहे, आणि तो आत्ताच का दिसू लागला हे आधी समजून घ्यावे लागेल.

विंडोज बसवताना प्रत्येक संगणकाला एक सिक्युरिटी आयडेंटिफायर, म्हणजे एसआयडी, मिळतो. डिस्कची जशीच्या तशी प्रत काढली की तो क्रमांकही सोबत जातो, आणि संगणकाचे नाव बदलल्याने तो बदलत नाही. आमच्या पिढीच्या बऱ्याच तंत्रज्ञांनी हे मनावर घेणे सोडून दिले होते, आणि त्याला कारणही होते. विंडोजची उपयुक्त साधने बनवणाऱ्या सिसइंटर्नल्सचे मार्क रसिनोविच यांनी २००९ मध्ये एसआयडी बदलणारे आपले न्यूसिड हे साधन मागे घेतले आणि दोन संगणकांचा एसआयडी सारखा असल्याने व्यवहारात बिघडत नाही, असे सविस्तर लिहिले. तेव्हा ते बरोबरच होते. परंतु २९ ऑगस्ट २०२५ आणि त्यानंतरच्या अपडेटपासून विंडोज ११ च्या २४एच२ व २५एच२ आवृत्त्या आणि विंडोज सर्व्हर २०२५ हे एसआयडी तपासू लागले. दोन्ही बाजूंना तोच क्रमांक दिसला तर केर्बेरॉस आणि एनटीएलएम या दोन्ही मार्गांची ओळख-तपासणी नाकारली जाते. शेअर केलेला फोल्डर असो वा रिमोट डेस्कटॉप, पासवर्ड कितीही बरोबर असला तरी दार उघडत नाही. जुन्या संगणकांचा एसआयडी वेगळा आहे, म्हणून त्यांना आत जाता येते.

खात्री करून घ्यायची असेल तर दोन क्लोन संगणकांवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘हूॲमआय’ ही आज्ञा ‘स्लॅश युजर’ जोडून द्या. एस-१-५-२१ ने सुरू होणारी लांबलचक संख्या येईल. तिचा शेवटचा गट, म्हणजे १००१ किंवा तत्सम, सोडून बाकी सर्व आकडे दोन्हीकडे तेच असतील. डेटा असलेल्या संगणकाच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, सिस्टीमच्या नोंदींत, एलएसएएसआरव्ही या स्रोताची ६१६७ क्रमांकाची नोंद सापडली तर शंकेला जागाच उरत नाही.

नियमाप्रमाणे प्रत काढण्यापूर्वी मूळ संगणकावर सिसप्रेप हे विंडोजमधलेच साधन ‘जनरलाइझ’ पर्यायासह चालवायचे असते, म्हणजे प्रत्येक प्रत पहिल्यांदा सुरू होताना स्वतःचा नवा एसआयडी तयार करते. रोजच्या वापरात आलेल्या संगणकावर ते आता चालवण्याच्या फंदात मी पडणार नाही. एखाद्या युजरने स्टोअरमधून घेतलेले किंवा अपडेट केलेले एखादे ॲप आड येते, सिसप्रेप मध्येच थांबते, आणि मग पँथर फोल्डरातली नोंद-फाइल वाचत बसावे लागते. मूळ संगणक तसाच ठेवा, त्यावर टॅलीचा डेटा आहे. बाकीच्या पाचांवर विंडोज नव्याने टाका.

आता उरलेल्या कामाविषयी. माझे मत असे की तयार संगणकाची प्रत वाटू नये. संगणक कसा तयार करायचा याची कृती लिहून ठेवावी आणि ती प्रत्येक ठिकाणी चालवावी. आपल्या आकाराच्या कार्यालयाला त्यासाठी सर्व्हरचीही गरज नाही. विंडोज ११ च्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हच्या मुळाशी ‘ऑटोअनअटेंड’ नावाची एक्सएमएल फाइल ठेवली की सेटअप सर्व प्रश्नांची उत्तरे तिच्यातून घेतो: डिस्कचे विभाजन, आवृत्ती, भाषा, स्थानिक युजर, सर्व काही. ही फाइल मायक्रोसॉफ्टच्या एडीके संचातील सिस्टीम इमेज मॅनेजरमध्ये तयार करता येते. तिच्यात टाइम झोन ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ आणि प्रादेशिक मांडणी ‘इंग्लिश इंडिया’ अवश्य लिहा. अमेरिकी मांडणी राहिली तर एक्सेल ०३/०४ ला ३ एप्रिलऐवजी ४ मार्च समजते, आणि करसल्लागाराच्या कार्यालयात याचा अर्थ काय होतो हे आपल्याला मी सांगायला नको. मराठी इनस्क्रिप्ट कळफलकही त्याच जागी जोडता येतो.

पहिल्या लॉगिननंतर आपोआप चालणारी आज्ञा त्याच फाइलमध्ये देता येते. तिथून एक बॅच फाइल सुरू करावी आणि सर्व सॉफ्टवेअर न विचारता बसवावीत. एमएसआय प्रकारच्या फाइलला ‘स्लॅश क्यूएन’ आणि ‘स्लॅश नोरीस्टार्ट’ पुरते. इनो सेटअपने बनवलेल्या इन्स्टॉलरला ‘स्लॅश व्हेरीसायलेंट’ लागते, तर एनएसआयएसने बनवलेल्याला फक्त ‘स्लॅश एस’, आणि तो एस मोठ्या लिपीतलाच हवा. लहान दिला तर इन्स्टॉलर मुकाट्याने खिडकी उघडून तुमची वाट पाहत बसतो. ऑफिससाठी मायक्रोसॉफ्टचे ऑफिस डिप्लॉयमेंट टूल मोफत आहे: एकदा सर्व फाइली पेनड्राइव्हवर उतरवायच्या आणि मग प्रत्येक संगणकावर तिथूनच बसवायच्या. क्रोम, पीडीएफ रीडर यांसाठी विनगेट, म्हणजे आज्ञा देऊन इंटरनेटवरून सॉफ्टवेअर बसवणारे विंडोजचे साधन, हेही चांगले, मात्र विंडोज नुकतीच बसलेली असताना विनगेट कधी कधी पहिली काही मिनिटे तयार नसते. म्हणून मी इन्स्टॉलर जवळ बाळगतो आणि पुढच्या अपडेटसाठी विनगेट ठेवतो.

एक सावधगिरी, आणि ही मी पैसे मोजून शिकलो आहे. उत्तर-फाइलमध्ये ‘डिस्क शून्य पुसून टाका’ असे लिहिलेले असते आणि सेटअप ते विचारल्याशिवाय करतो. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाकडे रात्री दहा वाजता मी असाच पेनड्राइव्ह लावून चहाला गेलो. त्या संगणकात एसएसडीच्या जोडीला एक जुनी हार्ड डिस्क होती, आणि सेटअपच्या लेखी तीच डिस्क शून्य होती. परत आलो तेव्हा नव्या विंडोजचा निळा पडदा समोर होता आणि ग्राहकाची तीन वर्षांची ड्रॉइंग गेलेली होती. बॅकअप होता, पण दोन महिने जुना. तेव्हापासून पेनड्राइव्ह लावण्यापूर्वी मी झाकण उघडून दुसरी डिस्क काढून ठेवतो आणि मगच बटण दाबतो.

जुन्या १४ संगणकांना पुसण्याची गरज नाही. विंडोज ११ च्या सेटअपला ‘ऑटो अपग्रेड’ आणि ‘क्वाएट’ हे पर्याय दिले की फाइली आणि सॉफ्टवेअर जागच्या जागी ठेवून तो अपग्रेड करतो.

उत्तर २ – ऐरोली_प्रयोगशाळा

वरील उत्तरातील बहुतेक गोष्टी मान्य आहेत. इमेजला, म्हणजे तयार संगणकाच्या डिस्कच्या प्रतीला, मात्र सरसकट नाकारू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. आमच्या महाविद्यालयात ६० सारखे संगणक आहेत आणि दर सत्राच्या सुरुवातीला ते सर्व पूर्वस्थितीत आणावे लागतात. प्रत्येकापाशी पेनड्राइव्ह घेऊन फिरणे आम्हाला परवडत नाही.

आम्ही नेटवर्कवरून इमेज वाटणारा फॉग हा मुक्त प्रकल्प वापरतो. एका जुन्या संगणकावर लिनक्स टाकून त्यावर तो बसवला आहे. बाकीचे संगणक पीएक्सई पद्धतीने, म्हणजे नेटवर्क कार्डावरून सुरू होतात, डीएचसीपीकडून, म्हणजे नेटवर्कवर संगणकांना पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, सर्व्हरचा पत्ता आणि बूट फाइलचे नाव घेतात आणि इमेज उतरवून घेतात. या दोन गोष्टी डीएचसीपीच्या ६६ आणि ६७ क्रमांकाच्या पर्यायांत लिहायच्या असतात. इंटरनेट पुरवठादाराच्या राउटरमध्ये ते पर्याय बहुधा सापडत नाहीत. अशा वेळी राउटरला हात न लावता डीएनएसमास्क हा प्रोग्रॅम प्रॉक्सी डीएचसीपी म्हणून चालवावा. सिसप्रेप आम्ही करतोच, आणि तेही ऑडिट मोडमध्ये, म्हणजे युजर तयार होण्यापूर्वीच्या अवस्थेत, इंटरनेटची वायर काढून, म्हणजे स्टोअरमधील ॲप मध्ये येत नाहीत.

वेगाचे गणित सांगतो. इमेज १५ जीबीची धरली आणि गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला ११० एमबी मिळाले, तर २० संगणकांना वेगवेगळी पाठवायला एकूण ३०० जीबी, म्हणजे पाऊण तास लागतो. मल्टिकास्टमध्ये तोच १५ जीबीचा प्रवाह सर्वजण एकाच वेळी उचलतात आणि काम काही मिनिटांत होते. पण मल्टिकास्टमध्ये सर्वांत हळू संगणकाची गती तीच सर्वांची गती. एकदा ३० संगणकांची तुकडी दोन तास रांगत होती. सर्व्हर तपासला, स्विच बदलला, काही फरक पडेना. शेवटी स्विचवरचे दिवे एकेक करून पाहिले तेव्हा एका पोर्टचा रंग वेगळा दिसला. त्या पोर्टची वायर खिडकीखालच्या पट्टीत उंदराने कुरतडली होती. आठपैकी चार तारा शाबूत होत्या, म्हणून जोडणी १०० एमबीपीएसवर तग धरून होती आणि उरलेल्या २९ संगणकांना आपल्या चालीने चालवत होती. गिगाबिटला आठही तारा लागतात.

फॉगची एक गैरसोय सांगणे भाग आहे. नेटवर्कवरून बूट करताना आम्हाला प्रत्येक संगणकाचे सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय, बंद करावे लागते आणि नंतर पुन्हा चालू करावे लागते. ६० संगणकांसाठी हे वर्षातून दोनदा करणे चालते. आपल्या २० संगणकांसाठी, तेही एकदाच, एवढा सर्व्हर उभारावा का, याचे प्रामाणिक उत्तर ‘नको’ असेच आहे.

इंटरनेटवर अजूनही अशाच कामासाठी मायक्रोसॉफ्ट डिप्लॉयमेंट टूलकिट वापरण्याचे सल्ले खूप आढळतात. तिची शेवटची आवृत्ती जानेवारी २०१९ ची असून विंडोज ११ तिच्या अधिकृत यादीत नाही. नव्याने तिच्या वाटेला जाऊ नका.

उत्तर ३ – वाशी_सेक्टर१७

मी संगणक पुरवठ्याच्या व्यवसायात आहे. दोनच मुद्दे मांडतो, कारण वर ते आले नाहीत.

पहिला मुद्दा परवान्याचा. नव्या संगणकासोबत आलेली विंडोज त्या संगणकापुरती असते आणि तिची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये असते. एक इमेज तयार करून ती अनेक संगणकांवर उतरवण्याचा हक्क मायक्रोसॉफ्ट व्हॉल्यूम लायसन्स घेणाऱ्यांना देते. संगणकाबरोबर आलेल्या परवान्यात तो नसतो. प्रत्येक संगणकावर सेटअप स्वतंत्रपणे चालवणे, म्हणजे महापेच्या मित्रांनी सांगितलेली पद्धत, या दृष्टीनेही सोयीची आहे. बिलावर ‘प्रो’ लिहिलेले असले तरी एक संगणक उघडून आवृत्ती पाहून घ्या. फर्मवेअरमध्ये होमची की असेल तर सेटअप न विचारता होम बसवतो, आणि होममध्ये ना डोमेनला जोडता येते, ना रिमोट डेस्कटॉपने त्या संगणकात शिरता येते.

दुसरा मुद्दा दिवसांचा. आपल्या व्यवसायात ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे विवरणपत्र असते. हे काम २१ तारखेनंतर काढा. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनची चिंता नसावी. खासगी की टोकनच्या आतच राहते, संगणक पुसल्याने तिला धक्का लागत नाही, नव्या संगणकावर फक्त ड्रायव्हर लागतो.

नौपाडा_३४

तिघांचेही मनापासून आभार. ६१६७ ची नोंद टॅलीच्या संगणकावर सापडली, एकच नाही, पानभर. एसआयडीही सहा ठिकाणी एकच निघाला. भागीदारांना मी एवढेच सांगितले की सहा माणसांना एकच पॅन देऊन ठेवला होता. त्यांना ते लगेच पटले.

उत्तर-फाइल तयार करून एका नव्या संगणकावर चालवून पाहिली, पण सेटअप तिथेच अडला. डिस्कच सापडत नाही असे तो म्हणतो. बायोसमध्ये एसएसडी स्पष्ट दिसते आणि कारखान्यातून आलेली विंडोज त्याच एसएसडीवरून सुरू होते.

महापे_रात्रपाळी

इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच संगणकांवर हे होते. बायोसमध्ये व्हीएमडी नावाची सोय चालू असते आणि तिचा ड्रायव्हर विंडोजच्या सेटअपमध्ये नसतो, म्हणून एसएसडी असूनही दिसत नाही. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणे हा एक उपाय, पण मग २० ठिकाणी बायोस उघडावे लागेल. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, तो उलगडून त्यातील आयएनएफ फाइलींचा फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा आणि उत्तर-फाइलच्या पहिल्या टप्प्यात त्याचा मार्ग लिहा.

आणखी एक. उत्तर-फाइलमध्ये ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लपवलेला दिसतो, पण तो केवळ सांकेतिक रूपात बदललेला असतो, कुलूपबंद नसतो. कोणीही तो पुन्हा वाचू शकतो. काम संपल्यावर पासवर्ड बदला आणि पेनड्राइव्ह खणात बंद ठेवा. तो पेनड्राइव्ह चुकून कोणाच्या संगणकात लागलेला राहिला आणि संगणक त्यावरून सुरू झाला, तर काय होईल हे मी वर लिहिलेच आहे.

नौपाडा_३४

ड्रायव्हरचा मार्ग लिहिल्यावर डिस्क दिसली आणि पुढचे सर्व काही आपोआप झाले. शनिवार-रविवार मिळून एकोणीस संगणक झाले, त्यांत ते पाच क्लोनही आले. तीन पेनड्राइव्ह फिरवत ठेवले होते. एका संगणकाला सुमारे पन्नास मिनिटे लागतात, पण त्यातला माझा स्वतःचा वेळ बारा-तेरा मिनिटांचाच, आणि तोही मुख्यतः टॅलीसाठी. टॅली मी हातानेच बसवतो. मात्र टॅलीच्या गेटवे सर्व्हरसाठी ९९९९ या पोर्टचा फायरवॉल नियम बॅच फाइलमध्ये घातल्यामुळे परवाना पहिल्या फटक्यातच सापडला.

मध्ये एकच अडथळा आला. सॉफ्टवेअर पेनड्राइव्हऐवजी आमच्या नेटवर्क स्टोरेजवरून घ्यावीत म्हणून मी बॅच फाइल बदलली, तर नवे संगणक तो फोल्डर उघडेनात, आणि क्षणभर वाटले की एसआयडीचे भूत पुन्हा मानगुटीवर बसले. कारण वेगळेच होते. तो फोल्डर पासवर्डविना सर्वांना खुला ठेवला होता आणि विंडोज ११ प्रो २४एच२ अशा पाहुण्या प्रवेशाला परवानगी देत नाही. स्टोरेजवर स्वतंत्र युजर तयार करून पासवर्ड दिल्यावर काम झाले. तो फोल्डर इतकी वर्षे कोणालाही उघडता येत होता, हेही त्यानिमित्ताने कळले.

टॅलीचा डेटा आता सर्व संगणकांवरून उघडतो. ज्येष्ठ भागीदारांच्या संगणकात मात्र दुसरी डिस्क निघाली. ती काढून, तिच्यावर त्यांचे नाव लिहून, त्यांच्याच टेबलाच्या खणात ठेवली आहे, आणि उरलेल्या चौदांचे अपग्रेड पुढच्या महिन्याच्या २१ तारखेनंतर घेणार आहे.